रामबाण : एका पाणवनस्पतीचीं दोन नांवें



फुलबाजारांतून फिरतांना कधीं कधीं एक चमत्कारिक वस्तु दृष्टीस पडते. हातभर लांबीचा सरळ दांडा, आणि त्याच्या टोंकाला तपकिरी मखमलीचें वेष्टन घातल्यासारखें एक घट्ट, गुळगुळीत कणीस. अशा पांच-सहा दांड्यांची जुडी लोक विकत घेतात आणि दिवाणखान्यांतील फुलदाणींत खोंवून ठेवतात. तिला पाणी घालावें लागत नाहीं कीं ऊन दाखवावें लागत नाहीं; महिनेच्या महिने ती शोभा तशीच राहते. परंतु घेणाराला "हें काय?" म्हणून विचारलें तर बहुधा उत्तर मिळत नाहीं. विकणारा फार तर "तळ्यांतलें आहे, साहेब" एवढेंच सांगतो.

या वनस्पतीला आपल्या भाषेंत नांव नाहीं असें मात्र नव्हे. एक सोडून तीन नांवें आहेत. कोणी तिला पाणकणीस म्हणतात, कोणी जंगली बाजरी म्हणतात, आणि तिसरें नांव आहे रामबाण. हा शेवटचा शब्द कानीं पडतांच आपणांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें तळें उभें राहणार नाहीं. औषधाची बाटली उभी राहील. एकाच शब्दाच्या पोटांत प्रभु रामचंद्रांचा बाण, कधींहि न चुकणारा उपाय, वैद्यांच्या कपाटांतील एक रस आणि चिखलांत उगवणारी ही वनस्पति, असे चार अर्थ नांदत आहेत. शास्त्रज्ञ मात्र तिला टायफा म्हणतात, आणि त्यांच्या शब्दाला एकच एक अर्थ असतो, अशी आपली समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, आणि या दोन नांवांपैकीं कोणतें काय काम करतें, याचा इतिहास आज थोडक्यांत पाहावयाचा आहे.

प्रथम वनस्पतीची ओळख करून घेऊं. गांवाबाहेरचें तळें, कालव्याचा कांठ, भातखाचराशेजारचा पाणथळ तुकडा, सांडपाण्याचा ओढा, अशा जागीं माणसाहून उंच, पट्टीसारख्या पानांचें दाट बन दिसतें, तें हिचें. सोयीसाठीं आपण हिला गवत म्हणतों. परंतु शास्त्रदृष्ट्या ती गवताच्या कुळांतील नव्हे, तिचें कूळ स्वतंत्र आहे. चिखलांत तिचीं आडवीं खोडें पसरत जातात आणि एका रोपापासून सारा कांठ व्यापला जातो. कणसाचे दोन भाग असतात. वरच्या भागांत नरफुलें आणि खालच्या भागांत मादीफुलें. परागांची पिवळी पूड झडून गेली कीं वरचा भाग गळतो आणि तेथें नुसती काडी उरते. खालचा भाग फुगून तपकिरी होतो. त्या वेळीं ताठ दांडा, जाड कणीस आणि त्यावरची ती टोंकदार काडी पाहिली, म्हणजे हिला बाण कां म्हटलें असावें हें सांगावें लागत नाहीं. पुढें उन्हाळ्यांत कणीस फुटतें आणि म्हातारीच्या केसांसारखा कापूस वाऱ्यावर उडूं लागतो. एका कणसांत लाखाहून अधिक बिया असूं शकतात.

बाण रामाचाच कां, हा प्रश्न राहतो. मराठींत मोठें, विशेष किंवा आपलेपणाचें जें कांहीं दिसेल त्याला रामाचें नांव देण्याची चाल जुनी आहे. रामेठा आहे, रामतीळ आहे, रामफळ आहे. यांतील रामफळ तर मूळचें अमेरिकेंतलें. तें आपल्याकडे आलें, रुळलें, आणि रामाचें झालें. नांव देणाऱ्यानें त्याची जन्मपत्रिका विचारली नाहीं. लोकभाषेची ही रीत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ती वस्तूचें मूळ सांगत नाहीं, वस्तूशीं जडलेला संबंध सांगते.

आतां शास्त्रीय नांवाकडे वळूं. टायफा हा शब्द शास्त्रज्ञांनीं नव्यानें घडविलेला नाहीं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस यानें वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. त्यांत ग्रीसमधील ऑर्कोमेनस गांवालगतच्या सरोवरांत कोणत्या वनस्पति उगवतात तें सांगतांना तो 'टिफे' या वनस्पतीचा उल्लेख करतो. म्हणजे हेंहि एके काळीं तळ्याकांठच्या माणसांच्याच तोंडचें नांव होतें! दोन सहस्रकांनंतर, १७५३ सालीं, स्वीडनमधील लिनियस यानें आपल्या ग्रंथांत तें उचललें आणि प्रत्येक जातीस दोन शब्दांचें नांव या आपल्या पद्धतींत बसविलें. रुंद पानांची ती टायफा लॅटिफोलिया, अरुंद पानांची ती टायफा अँगस्टिफोलिया. नांव आणि वस्तु यांची गांठ त्या दिवसापासून पक्की झाली.

परंतु पक्की म्हणजे कायमची नव्हे. आपल्याकडे सर्वसाधारणपणें आढळणारी जी जाति, तिचा इतिहास या दृष्टीनें मोठा मौजेचा आहे. फ्रेंच सरकारनें ग्रीसच्या दक्षिण भागांत एक शास्त्रीय मोहीम पाठविली होती. त्या मोहिमेंतील बोरी आणि शोबार या दोघांनीं १८३२ सालीं तेथील एका जातीस टायफा अँगस्टाटा हें नांव दिलें, आणि पुढें हिंदुस्थानांतील वनस्पतिग्रंथांतून आपल्या रामबाणास तेंच नांव चालू झालें. कित्येक पिढ्यांनीं तें पाठ केलें. परंतु नंतर असें दिसून आलें कीं, हीच वनस्पति पृथ्वीच्या बहुतेक उष्ण प्रदेशांत आहे, आणि १८०७ सालींच पर्सून नांवाच्या शास्त्रज्ञानें तिला टायफा डोमिंजेन्सिस असें म्हटलेलें आहे. शास्त्राचा नियम असा कीं, एकाच जातीस दोन नांवें मिळालीं तर आधीं प्रसिद्ध झालेलें तें खरें. त्यामुळें आज बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या तळ्यांतील रामबाणास डोमिंजेन्सिस म्हणतात. डोमिंजेन्सिस म्हणजे सांतो दोमिंगोची. सांतो दोमिंगो हें तर अमेरिकेच्या कांठच्या कॅरिबियन समुद्रांतलें बेट! दख्खनच्या ओढ्यांत हजारों वर्षें डुलणाऱ्या वनस्पतीनें कधींहि न पाहिलेल्या बेटाचें आडनांव लावून फिरावें, हा केवळ नियमाचा महिमा आहे.

तिची दुसरी एक भारतीय बहीण आहे. ती आकारानें थोराड. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनीं तिला टायफा एलिफंटिना, म्हणजे हत्तींची टायफा, असें नांव दिलें. कारण हत्ती ती आवडीनें खातात. रॉक्सबर्ग १८१५ सालीं वारले. त्यांचा 'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथ १८३२ सालीं श्रीरामपूर येथें संपूर्ण छापून निघाला, तो विल्यम कॅरे यांच्या खटपटीनें. मराठी वाचकाला हे कॅरे परके नाहींत. १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठीचा कोश ज्यांनीं प्रसिद्ध केला तेच हे. एकीकडे शब्दांचे अर्थ जुळवावयाचे आणि दुसरीकडे वनस्पतींचीं नांवें छापावयाचीं, हीं दोन्ही कामें एकाच माणसाच्या देखरेखीखालीं झालीं. आणि जेथें झालीं तें श्रीरामपूर हुगळीच्या कांठीं आहे. बंगालींत या वनस्पतीस होगला म्हणतात. तिच्या पानांच्या चटया विणतात, झोंपड्या शाकारतात. आणि हुगळी हें नांवहि होगलावरूनच आलें असें अनेक जण मानतात. शास्त्रज्ञाचें नांव ग्रंथांत राहिलें. लोकांच्या नांवानें गांव वसविलें, इतकेंच नव्हे तर नदीहि आपलीशी केली.

या सर्व नांवांहून जुनें असें एक नांव संस्कृतांत आहे, तें म्हणजे एरका. एरका म्हणजे हीच वनस्पति असें विद्वान् बहुधा मानतात. महाभारताच्या मौसलपर्वांतील हकीगत सर्वांना ठाऊक आहे. ऋषींची थट्टा केल्यामुळें यादवांना शाप मिळाला. सांबाच्या पोटीं लोखंडी मुसळ जन्मलें. राजाज्ञेनें त्याचें चूर्ण करून समुद्रांत टाकलें. पुढें प्रभासक्षेत्रीं मद्यपानानें बेभान झालेले यादव आपसांत लढूं लागले, तेव्हां हातीं आलेली एरका उपटून ते एकमेकांवर प्रहार करूं लागले, आणि ती एरका मुसळाप्रमाणें प्राण घेऊं लागली. समुद्रांत टाकलेलें तें चूर्ण लाटांनीं कांठीं लागलें आणि त्यांतूनच एरका उगवली, असें भागवताचा एकादश स्कंध सांगतो. याच स्कंधावर एकनाथमहाराजांनीं १५७३ सालीं काशींत आपली टीका पूर्ण केली. म्हणजे ही कथा मराठी श्रोत्यांनीं निदान साडेचारशें वर्षें ऐकली आहे.

आतां या कथेंतील भयानकता नीट समजावयाची असेल तर एरका म्हणजे काय तें ठाऊक असावें लागतें. जिच्या पानांत हवेच्या पोकळ्या आहेत, जिची चटई करून माणूस निजतो, जिला आयुर्वेदांत शीत गुणाची म्हटलें आहे, अशी ती मऊ वस्तु. तिनें मारलें तर लहान मूलहि हंसेल. त्या पानांचें मुसळ व्हावें यांतच शापाचें सामर्थ्य आहे. "एक प्रकारचें गवत" असा कोशांतील अर्थ वाचून पुढें जाणाऱ्याच्या हातून कथेचा अर्धा अर्थ निसटतो. नांवाची वस्तूशीं गांठ सुटली कीं वाङ्मयाचेंहि असें नुकसान होतें.

मघां मीं जंगली बाजरी हें नांव सांगितलें. त्याचीहि गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आपल्या शेतकऱ्यानें तळ्यांतलें कणीस पाहिलें आणि त्याला आपल्या शेतांतली बाजरी आठवली. तिकडे पॅरिसमध्यें रिशार नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें बाजरीचें कणीस पाहिलें, तेव्हां त्याला तळ्यांतली टायफा आठवली. आणि त्यानें बाजरीला नांव दिलें पेनिसेटम टायफॉइडियम, म्हणजे टायफासारखी. हें नांव १८०५ सालीं प्रसिद्ध झालें. इंग्रजींतहि बाजरीला बुलरश मिलेट म्हणत आले आहेत, आणि तेथें बुलरश म्हणजे हीच पाणवनस्पति. शेतकरी आणि पंडित दोघांनींहि तेंच साम्य टिपलें. फरक इतकाच कीं, एकाच्या घरीं बाजरी ओळखीची होती आणि दुसऱ्याच्या घरीं टायफा. ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी वस्तूला नांव द्यावें, ही दोघांचीहि रीत एकच. पुढें नियमानें बाजरीचेंहि नांव पालटलें. २०१० सालापासून तिला सेन्क्रस अमेरिकानस असेंहि म्हणतात. यांतील दुसरा शब्द लिनियसचा. बाजरीची जन्मभूमि मात्र आफ्रिका. म्हणजे शास्त्रीय नांवावरून वस्तूचें मूळ शोधूं जाणारा मनुष्यहि फसावयाचाच.

तर मग शास्त्रीय नांवाचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, आणि तो कोठें पडतो तें दोन उदाहरणांनीं स्पष्ट होईल.

पहिलें उदाहरण औषधाचें. वैद्यकांत रामबाण रस नांवाचें औषध प्रसिद्ध आहे; तें अग्निमांद्यावर देतात. त्यांत पारा, गंधक, बचनाग, लवंग, मिरीं आणि जायफळ हीं द्रव्यें असून त्यांना चिंचेच्या रसाची भावना देतात. तळ्यांतील रामबाणाचा त्यांत अंशहि नाहीं. बचनाग हें तर जहाल विष. तें शोधून, मोजून, जाणत्या वैद्यानेंच द्यावयाचें. नांव एक म्हणून कोणी तळ्यांतील कंद आणून रस केला किंवा रसाला निरुपद्रवी पाला समजून मनास येईल तसा घेतला, तर दोन्हीकडून अनर्थ. त्यांतच हिंदींत घायपाताला रामबाँस म्हणतात. एक वनस्पति गळाभर पाण्यांत राहणारी, दुसरी उजाड माळावर; अंतर मात्र एका अक्षराचें. उलट शास्त्रीय नांवांतहि कानाला भुलविणारें साम्य आहेच. टायफा आणि टायफॉईड हे सख्खे भाऊ वाटतात. परंतु ज्वराचें तें नांव धूर, धुंदी अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलें आहे. या वनस्पतीमुळें तो ज्वर होत नाहीं आणि त्यावर ती उताराहि नव्हे.

दुसरें उदाहरण आजच्या काळचें आहे. जर्मनींत केटे झायडेल या विदुषीनें १९५० नंतरच्या दशकांत असें दाखवून दिलें कीं, कांहीं पाणवनस्पति लावल्या असतां दूषित पाणी स्वच्छ होण्यास मदत होते. तिनें प्रथम जी वनस्पति घेतली ती लव्हाळ्याच्या कुळांतील, गोल, बिनपानांच्या काड्यांची. इंग्रजींत तिलाहि बुलरशच म्हणतात! बायबलच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरांत तान्ह्या मोझेसला ज्या पेटींत घालून नदीकांठीं ठेवलें ती बुलरशची; तेथें अर्थ पपायरस, ज्याच्यापासून जुने मिसरी लोक कागद करीत. म्हणजे एका इंग्रजी शब्दाच्या तीन वनस्पति झाल्या. नुसत्या बुलरश या शब्दावर विसंबून एखाद्या नगरपालिकेनें रोपें मागविलीं तर कोणतीं येतील? येथें शास्त्रीय नांवावांचून गत्यंतर नाहीं. सुदैवानें पुढें टायफाचाहि या कामीं उपयोग होतो हें सिद्ध झालें, आणि आज तिचीं बनें सांडपाण्याच्या शुद्धीसाठीं मुद्दाम लावतात.

परंतु तीच वनस्पति कालव्यांत शिरली म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणते. राजस्थानांत चंबळच्या कालव्यांत ती इतकी माजली कीं पाण्याचा मार्गच कोंडला. वर कापली कीं ती पुन्हां फुटते. तिचें मर्म असें कीं, चिखलांतील खोडाला हवा मिळते ती पानांच्या पोकळ्यांतून. म्हणून पाण्याच्या पातळीखालीं कापावें आणि बुडखे पाण्यांत बुडवून ठेवावे. तसें पुन्हां पुन्हां केलें म्हणजे खोड गुदमरून कुजतें. रामबाणावर उपाय आहे, पण रामबाण उपाय नाहीं! सांडपाण्यांत औषध, कालव्यांत रोग. सिंधी कुटुंबांत तिच्या परागांची 'बूर' नांवाची पिवळी मिठाई, आणि जांभळ्या पाणकोंबडीला घर. एवढे सारे गुणदोष टायफा डोमिंजेन्सिस या दोन शब्दांत कोठेंच दिसत नाहींत. ते दिसतात होगला, पाणकणीस, जंगली बाजरी अशा नांवांत. कारण तीं नांवें कापणाऱ्यांनीं, विणणाऱ्यांनीं आणि नांगरणाऱ्यांनीं दिलीं.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, या दोन नांवांत खरें कोणतें हा वादच फोल आहे. शास्त्रीय नांव हें वस्तूच्या ठिकाणीं ठोंकलेली खुंटी आहे. तें वर्णन नव्हे. म्हणून त्यांत सांतो दोमिंगो आलें काय आणि अमेरिका आली काय, बिघडत नाहीं. जगांतील कोणत्याहि देशांतील माणसाला त्याच खुंटीपाशीं येतां यावें, एवढेंच त्याचें काम. लोकांचें नांव हें त्या वस्तूपर्यंत जाणारी पायवाट. पायवाटेला फांटे फुटतात, ती कधीं चुकवितेहि. पण ती माणसांच्या पायांनीं पडलेली असते आणि पाय थांबले कीं बुजते.

ती बुजत चालली आहे हीच खरी चिंतेची गोष्ट. थिओफ्रास्टसनें ज्या सरोवराच्या वनस्पति लिहून ठेवल्या, तें सरोवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उपसण्यांत आलें आणि तेथें शेतें झालीं. टिफे हें नांव जगभर गेलें. जेथें तें लिहिलें गेलें तें पाणी मात्र उरलें नाहीं. आपल्याकडे उलट तऱ्हेनें तेंच घडत आहे. तळीं बुजवून घरें होत आहेत, आणि रामबाण या शब्दाच्या अर्थांतून तळ्यांतला अर्थ गळून पडत आहे. उरला तो जाहिरातींतला. १९७१ सालीं इराणमधील रामसर गांवीं पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं राष्ट्रांचा करार झाला, भारत त्यांत १९८२ सालीं सामील झाला, आणि महाराष्ट्रांतील पहिली जागा म्हणून गोदावरीवरील नांदूरमधमेश्वराची नोंद २०१९ सालीं झाली. या रामसराचा आपल्या रामाशीं कांहीं संबंध नाहीं. पण नामसाम्यानें जर कोणाला आपल्या गांवचें तळें आठवलें, तर तेवढ्यापुरती ती चूक मी गोड मानून घेईन.

आपल्या गांवीं एखादी म्हातारी किंवा गुराखी एखाद्या पाणवनस्पतीचें नांव सांगेल, तेव्हां तें लिहून ठेवावें. कोणत्या तळ्याकांठीं सांगितलें तेंहि लिहावें. एक कणीस, एक पान वाळवून जपावें. त्याला शास्त्रीय नांव जोडण्याचें काम जाणता मनुष्य मागाहून करील. शास्त्रीय नांव ग्रंथांतून केव्हांहि काढतां येतें. म्हातारीचें नांव तिच्याबरोबर गेलें, तर तें पुन्हां कोणत्याहि ग्रंथांत सांपडावयाचें नाहीं.